कागद मराठीत होते

रत्नागिरीतल्या एका फ्लॅटच्या खरेदीचं हे प्रकरण माझ्या थोरल्या बहिणीच्या घरातलं आहे. लिहायला आक्काची आणि दाजींची संमती आहे, अट एकच: नाव कुणाचंही येऊ नये, आपलं नको आणि बिल्डरचंही नको. बेळगावातून रत्नागिरी, मालवण, गोवा किंवा कारवारकडं समुद्राजवळ घर शोधणारी आमच्या ओळखीतच सहा-सात कुटुंबं आहेत. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे तपशिलात लिहितोय. मी स्वतः बँकेच्या कर्ज विभागात २७ वर्षं काढली. तरी या व्यवहारात मला जाग उशिरा आली. ती का उशिरा आली, हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

घर कुणाचं, पैसा कुठला

दाजी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ३१ वर्षं होते. शेवटची बारा वर्षं मोल्डिंग शॉपचे सुपरवायझर. आक्का मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. राहतं घर शहापुरात, मुलगा पुण्यात. दाजींचं आजोळ राजापूरकडचं. लहानपणी मे महिना तिथंच जायचा, त्यामुळं निवृत्तीनंतर वर्षातले चार-सहा महिने समुद्राजवळ राहायचं हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. फंड, ग्रॅच्युइटी आणि आक्काच्या नावावरची ठेव मिळून पन्नास लाखांच्या आसपास रक्कम जमत होती. कर्ज काढायचं नाही, हा दाजींचा हट्ट.

हा हट्ट ऐकायला चांगला वाटतो. पण कर्ज घेतलं असतं तर बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलानं मालकीचे कागद बघितले असते, बँकेच्या इंजिनिअरनं मंजूर नकाशा साइटशी ताडून पाहिला असता. बँक ते स्वतःच्या पैशासाठी करते, तरी त्याचा फायदा घेणाऱ्यालाही होतो. रोखीनं घेणाऱ्यासाठी हे कुणीच करत नाही. ते आपणच करायचं असतं किंवा पैसे देऊन करून घ्यायचं असतं.

आणि हे या दोघांना माहीत नव्हतं असंही नाही. २०११ साली त्यांनी अनगोळच्या बाजूला एक प्लॉट बघितला होता. कागद सगळे कन्नडमध्ये: उतारा, ईसी (नोंदलेले व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला), एनएचा म्हणजे बिनशेतीचा आदेश. दोघांनाही कन्नड बोलता येतं, पण सरकारी कन्नड वाचणं वेगळं. शेजारी एक निवृत्त कन्नड शिक्षक राहतात. आक्का सलग तीन संध्याकाळी त्यांच्याकडं जाऊन बसली. सर एकेक ओळ वाचायचे, अर्थ सांगायचे आणि आक्का तो दोनशे पानी वहीत उतरून घ्यायची. तिसऱ्या संध्याकाळी सरांच्या लक्षात आलं की एनए झालेला हिस्सा वेगळा आणि विकायला काढलेला हिस्सा वेगळा. व्यवहार तिथंच थांबला. ती वही अजून तिच्या कपाटात आहे.

रत्नागिरीची फाइल

२०२२ च्या दिवाळीनंतर दोघं कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट असा रस्ता धरून रत्नागिरीला गेले. चार दिवस राहिले. मांडवीची जेटी, भाट्याची खाडी, थिबा पॅलेस सगळं झालं. परतायच्या आदल्या दिवशी शहराच्या समुद्राकडच्या अंगाला एक बोर्ड दिसला. दोन बेडरूमचे फ्लॅट, समुद्र तीनशे मीटरवर, किंमत ४४ लाख ५० हजार, सहाव्या मजल्यावरून क्षितिजापर्यंत पाणी. त्याच दिवशी ५१ हजार देऊन फ्लॅट धरला.

रात्री आक्काचा फोन आला. तिचा आवाज मला अजून आठवतो. ‘‘अरे, सगळे कागद मराठीत आहेत. सातबारासुद्धा. मी स्वतः वाचला.’’

बाहेरच्या माणसाला या वाक्याचं वजन कळणार नाही. आमच्याकडं मराठीत उतारा मिळावा म्हणून मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, माणसांनी लाठ्या खाल्ल्या. आमच्या वडिलांनी आयुष्यभर स्वतःच्या शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला. अशा घरातली बाई साठीच्या उंबरठ्यावर सरकारी शिक्क्याचा कागद हातात घेते आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिचं कुठं अडत नाही. तिला तो कागद आपला वाटला, कागद देणारी माणसंही आपली वाटली. ऑफिसातल्या मुलानं ‘‘काकू, तुम्ही बेळगावच्या म्हणजे आमच्याच’’ म्हटलं, तेव्हा उरलासुरला प्रश्नही गेला.

फाइलचे फोटो मला व्हॉट्सॲपवर आले. सातबारा, वकिलाचा शोध अहवाल, बिनशेतीचा आदेश, बांधकाम परवानगी, नकाशाची झेरॉक्स, किनारा प्राधिकरणाचं पत्र. मी चाळलं आणि ‘‘ठीक दिसतंय’’ म्हणून कळवलं. कन्नड ईसी आली की एकेक नोंद पट्टी धरून बघायची, हे मी २७ वर्षं केलं. ही फाइल मात्र मी रविवारची पुरवणी वाचावी तशी वाचली. भाषा कुठं अडवत नव्हती, त्यामुळं नजरही कुठं थांबली नाही. आक्काची चूक आणि माझी चूक एकच होती. माझी जास्त मोठी, कारण माझं पोट त्याच कामावर भरलं होतं.

मार्च २०२३ पर्यंत त्यांनी ८ लाख ९० हजार भरले, म्हणजे किमतीच्या बरोबर २० टक्के. बदल्यात हातात काय होतं? पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरचं वाटपपत्र. २०१६ च्या रेरा कायद्याच्या (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा कायदा) कलम १३ प्रमाणं नोंदणीकृत विक्री करार झाल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. इथं ती मर्यादा ४ लाख ४५ हजार होती. ‘‘करार पावसाळ्यानंतर सगळ्यांचे एकदम करू, तुम्हाला परत परत यायला नको,’’ असं कारण सांगितलं गेलं. आमच्या सोयीचं कारण होतं, म्हणून ते पटलं.

लोखंड

मे २०२३ च्या अखेरीस दाजी एकटेच साइट बघायला गेले. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबची तयारी चालली होती. सळया उघड्यावर पडलेल्या, समुद्राचा वारा थेट अंगावर. दाजींनी एका १६ मिलिमीटरच्या सळईवर अंगठा फिरवला. तांबूस धूळ लागली असती तर त्यांनी सोडून दिलं असतं, कारण वरवरचा गंज त्यांच्या रोजच्या बघण्यातला. पण नखाखाली पापुद्रा आला. कांद्याच्या सालीसारखा सुटा. सळईच्या आडव्या कड्या काही ठिकाणी बोटाला लागेनाशा झाल्या होत्या. त्यांनी तो पापुद्रा रुमालात बांधून घेतला.

मग ते वाकून कव्हर ब्लॉक बघायला लागले. सळई आणि साचा यांच्यामध्ये सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात, त्यांच्या जाडीइतकं काँक्रीट लोखंडाच्या बाहेर राहतं. दाजींच्या खिशात स्टीलची सहा इंची पट्टी कायम असते, कामावरची सवय. ठोकळा भरला २५ मिलिमीटर.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण समुद्राजवळच्या घराची खरी परीक्षा इथंच होते. खाऱ्या हवेतलं क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपत जातं. ते लोखंडापर्यंत पोचलं की गंज धरतो. गंजलेलं लोखंड फुगतं, जागा मागतं आणि काँक्रीट आतून फोडतं. किनाऱ्यावरच्या दहा-पंधरा वर्षांच्या इमारतींत बाल्कनीच्या खालच्या बाजूनं पोपडे पडून सळया दिसायला लागतात, त्या यामुळंच. हा वेळ लांबवण्याचे दोनच मुख्य उपाय: घट्ट काँक्रीट आणि जाड कव्हर. आयएस ४५६ या भारतीय मानकात किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटसाठी किमान एम ३० दर्जा (हा काँक्रीटच्या मजबुतीचा आकडा) आणि ४५ मिलिमीटर कव्हर सांगितलंय. लाटांचे तुषार पोचत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. पाण्यालाही मर्यादा आहे: सळईच्या काँक्रीटसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. बेळगावात बोअरच्या पाण्यावर घर बांधतात आणि काही बिघडत नाही. किनाऱ्यावरच्या बोअरचं तसं नाही.

दाजींनी साइटवरच्या बोअरचं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं. मचूळ होतं. मिक्सरला तोच पाइप जोडलेला.

सुपरवायझर म्हणाला, ‘‘काका, वरून प्लॅस्टर येतंच ना.’’ प्लॅस्टर कव्हरमध्ये धरत नाहीत. दाजी त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. रात्री लॉजवरून मला फोन केला. ‘‘इमारतीतलं मला काय कळतंय? पण लोखंड बरं नाही ते. तू जरा बघ की.’’

सहावा मजला

मी त्यांना बोर्डावरचा महारेराचा, म्हणजे महाराष्ट्रातल्या रेरा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक विचारला. त्यांनी सकाळी फोटो पाठवला. (१ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा झालाय, आता एवढाही त्रास नाही.) महारेराच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की प्रकल्पाचं पान उघडतं. पूर्णत्वाची तारीख, किती फ्लॅट विकले, खटले आहेत का, मंजूर बांधकाम किती आणि प्रस्तावित पण अजून मंजूर नसलेलं किती. यातले शेवटचे दोन रकाने बहुतेक लोक बघत नाहीत. मीही पहिल्यांदाच नीट बघत होतो.

मंजूर: तळ अधिक चार मजले. प्रस्तावित: तळ अधिक सात.

मी फोन लावला. ‘‘दाजी, आपला फ्लॅट कितव्या मजल्यावर?’’

‘‘सहाव्या. का?’’

मला काही क्षण बोलता आलं नाही. ज्या मजल्यासाठी २० टक्के पैसे गेले होते, तो कुठल्याही मंजूर नकाशात नव्हता.

त्या संध्याकाळी मी शहापूरला आक्काकडं गेलो आणि दोघांनी मिळून फाइल पहिल्या पानापासून काढली. अकराव्या पानावर बांधकाम परवानगी. तिसऱ्या परिच्छेदात स्वच्छ मराठीत लिहिलेलं: तळमजला व वरील चार मजले. त्याच पानावर आक्काच्या पेन्सिलीची बारीक खूण होती. ‘परवानगि’ असा ऱ्हस्व शब्द छापला होता, तो तिनं दीर्घ करून ठेवला होता. ‘‘हे पान मी वाचलं होतं रे,’’ ती म्हणाली. मग बराच वेळ तिनं त्या खुणेवरचं बोट काढलं नाही.

पुढची दोन पानं किनारा प्राधिकरणाच्या पत्राची. या पत्राबद्दल थोडं विस्तारानं लिहितो, कारण आपल्या घाटावरच्या माणसाला हा विषय नवा असतो. समुद्राच्या उच्चतम भरती रेषेपासून जमिनीकडं ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सागरी किनारा नियमन क्षेत्रात येतो, सगळे त्याला सीआरझेड म्हणतात. पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, मग जानेवारी २०१९ ची. अंतर वाळूच्या कडेपासून मोजत नाहीत, नकाशावर आखलेल्या भरती रेषेपासून मोजतात, आणि भरतीचं पाणी जिथवर खाडीत शिरतं तिथं खाडीकाठालाही नियम लागतो. म्हणजे समोर समुद्र दिसत नसला तरी मागं खाडी असेल तर प्रश्न उरतोच. नगरपालिका हद्दीतला आधीच बांधलेला भाग सीआरझेड-दोन. तिथं घर बांधता येतं, पण असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतीच्या जमिनीकडच्या बाजूलाच. ग्रामीण किनारा सीआरझेड-तीन. तिथं २०११ च्या नियमानं भरती रेषेपासून २०० मीटर ना विकास क्षेत्र. २०१९ च्या अधिसूचनेनं दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात ते ५० मीटरवर आणलं, मात्र ही सवलत नवा किनारा आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होते. एजंट लोक ‘‘आता पन्नास मीटर झालंय’’ एवढंच सांगतात, उरलेलं वाक्य सांगत नाहीत.

आमच्या प्रकल्पाची जागा सीआरझेड-दोनमध्ये, रस्त्याच्या आतल्या बाजूला. म्हणजे चार मजल्यांपर्यंत सगळं रीतसर होतं, हे बिल्डरच्या बाजूनं नोंदवायलाच हवं. पण पत्रातल्या एका अटीत लिहिलं होतं की मंजूर नकाशापेक्षा वाढीव बांधकाम करायचं झाल्यास नव्यानं शिफारस घ्यावी लागेल. तशी शिफारस कुणी मागितल्याचा एकही कागद फाइलमध्ये नव्हता. विक्री मात्र सातव्या मजल्यापर्यंत चालू होती.

असल्या बाबतीत ‘‘होऊन जाईल’’ म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण सांगतो. केरळात कोचीजवळच्या मरडूमध्ये किनारा नियम मोडून उभ्या राहिलेल्या इमारती पाडायचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं मे २०१९ मध्ये दिला आणि जानेवारी २०२० मध्ये त्या स्फोटकं लावून दोन दिवसांत पाडल्या. ३४३ फ्लॅट होते. लोक तिथं राहत होते, घरपट्टी भरत होते. त्या दिवशीचं दृश्य टीव्हीवर आपण सगळ्यांनी बघितलंय.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात आणखी एक ओळ होती: प्रकल्प कर्जापोटी एका बँकेचा बोजा. हे गैर नाही. बहुतेक बिल्डर कर्ज काढतात. पण मग आपल्या फ्लॅटपुरतं त्या बँकेचं ना हरकत पत्र घ्यावं लागतं, नाहीतर बिल्डरनं कर्ज थकवलं की बँक आपल्या दारात उभी राहते. मी स्वतः अशी पत्रं शेकड्यानं दिलीत. तरी त्या फोटोत मला ही ओळ दिसली नव्हती.

दरपत्रक

दरपत्रकातही एक गोम होती. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर एप्रिल २०१९ पासून जीएसटी साधारण ५ टक्के, आणि परवडणाऱ्या घराला १ टक्का. महानगराबाहेर परवडणारं घर म्हणजे चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत आणि एकूण आकारलेली रक्कम ४५ लाखांपर्यंत. बिल्डरनं ४४ लाख ५० हजारांवर १ टक्का धरला होता. खाली वेगळ्या ओळींत विकास शुल्क दीड लाख आणि पार्किंग दोन लाख. कायद्यात ‘एकूण रक्कम’ म्हणताना ही सगळी शुल्कं धरतात. म्हणजे खरी रक्कम ४८ लाख आणि कर ४४ हजार ५०० ऐवजी २ लाख ४० हजार. उद्या करखात्यानं विचारलं असतं तर फरक शेवटी ग्राहकाकडूनच मागितला गेला असता. शिवाय ते पार्किंग उघड्यावरचं होतं, आणि उघडं पार्किंग बिल्डरला विकताच येत नाही. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेलं तयार घर घेतलं तर जीएसटी मुळीच लागत नाही, हेही दाजींना तेव्हाच कळलं.

बेळगावच्या वाचकासाठी एक फरक सांगून ठेवतो, कारण आपली सवय इथं फसवते. आपल्याकडं ईसी मागितली की नोंदणी झालेले व्यवहार आणि बोजे एका कागदावर येतात. महाराष्ट्रात तशी ईसी देत नाहीत. तिथं दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक दोनवरून तीस वर्षांचा शोध घ्यावा लागतो, तो वकील घेतो आणि अहवाल देतो. आमच्या फाइलमधला शोध अहवाल बिल्डरच्याच वकिलाचा होता. आपला स्वतःचा वकील लावून तो परत करून घ्यायला हवा होता. दुसरं, सातबारा आजची स्थिती सांगतो, ती कशी आली हे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, सांगतात. कोकणात जमिनी सामाईक, हिस्सेदार मुंबईला, काहींची वारसनोंद झालेली नाही, कुठं कुळाची जुनी नोंद. त्यामुळं फेरफार मागच्या मागं वाचत जाणं तिथं घाटावरच्यापेक्षा जास्त गरजेचं.

पैसे परत

जुलै २०२३ मध्ये आम्ही तिघं रत्नागिरीला गेलो. मालक स्वतः भेटले, चहा दिला, आवाज कुठंही चढवला नाही. वरच्या मजल्यांची मंजुरी सहा महिन्यांत येईल म्हणाले. मी विचारलं, अर्ज कधी केला? उत्तर आलं नाही. मग त्यांनी चौथ्या मजल्यावरचा, मागच्या बाजूचा फ्लॅट देऊ केला. तिथून समोरच्या बंगल्यामागची नारळाची झाडं दिसत होती, समुद्र नव्हता. दाजींनी विचार केला असता कदाचित, पण रुमालातला तो पापुद्रा त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. ते म्हणाले, ‘‘मजला बदलला तरी लोखंड तेच की ओ.’’

रद्द करायचं म्हटल्यावर वाटपपत्रातलं एक कलम पुढं आलं: ग्राहकानं रद्द केल्यास किमतीच्या १० टक्के कपात. म्हणजे भरलेले बरोबर निम्मे पैसे बुडाले. इथं दोन गोष्टी कामी आल्या. महारेराच्या नमुना वाटपपत्रात अशी कपात दिवसांप्रमाणं वाढत जाते आणि जास्तीत जास्त २ टक्क्यांपर्यंत पोचते. आणि जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले असतील तर रेराच्या कलम १२ खाली पूर्ण रक्कम व्याजासकट मागता येते. सात मजल्यांचं रंगीत चित्र आक्कानं जपून ठेवलं होतं. तो या प्रकरणातला सर्वांत बळकट पुरावा ठरला. माहितीपत्रक, मेसेज, पावत्या, ऑफिसात काढलेले फोटो, यातलं काहीही टाकून देऊ नये.

रजिस्टर पोस्टानं नोटीस दिली. दोन महिने उत्तर नाही. मग महारेराकडं तक्रार केली. फी ५ हजार, अर्ज ऑनलाइन. प्रकल्प ज्या राज्यात तिथलीच रेरा, म्हणून बेळगावात राहून बंगळूरला जायचा प्रश्न नव्हता, आणि मुंबईलाही जावं लागलं नाही. महारेराचा सलोखा मंच आहे, दोन्ही बाजू तयार असतील तर तिथं तडजोड होते. बिल्डरनं ते मान्य केलं. माझ्या अंदाजानं त्याला उरलेल्या ग्राहकांत गवगवा नको होता.

२०२४ च्या सुरुवातीला तडजोड झाली. मूळ रक्कम पूर्ण आणि वर ६५ हजार, चार हप्त्यांत. नियमाप्रमाणं व्याज स्टेट बँकेच्या सर्वाधिक कर्जदरावर २ टक्के जादा, त्या हिशोबानं रक्कम बरीच मोठी होत होती. मी लढू म्हणत होतो. आक्का म्हणाली, ‘‘मला आता त्या माणसाचं नावसुद्धा फोनवर दिसायला नको.’’ मला तो निर्णय तेव्हा पटला नाही, आजही पूर्ण पटत नाही. पण रात्री झोप कुणाची जात होती हेही मी बघत होतो. दोन चेक वटले, तिसरा परत आला, चौथ्यासाठी पुन्हा पत्र लिहावं लागलं. शेवटचे पैसे नोव्हेंबर २०२४ मध्ये खात्यावर आले. त्या दिवशी दाजींनी रुमालातला पापुद्रा काढून कपाटावर ठेवला. तो आता भुकटी झालाय.

पुन्हा रत्नागिरी

गेल्या फेब्रुवारीत दोघं परत निघाले. मी बरोबर गेलो. या वेळी तयार इमारत, सात वर्षांपूर्वीची, समुद्रापासून जवळजवळ एक किलोमीटर आत. दाजी आधी गच्चीवर गेले, मग प्रत्येक मजल्याच्या बाल्कनीची खालची बाजू बघत उतरले. एका ठिकाणी बारीक तडा होता, त्याच्या कडेला तांबूस डाग आहे का ते त्यांनी मोबाइलचा उजेड टाकून बघितलं. नव्हता.

आक्का वर आलीच नाही. खाली जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती, मांडीवर फाइल, हातात नवी दोनशे पानी वही. भोगवटा प्रमाणपत्र बाजूला काढून ठेवलेलं. फेरफार एकेक करून ती मोठ्यानं वाचत होती, शाळेत धडा वाचावा तशी, आणि प्रत्येक नाव वहीत लिहून पुढं जात होती. विकणारे गृहस्थ अदबीनं उभे होते. १९८० च्या दशकातल्या एका फेरफारावर ती थांबली. मागं गेली, पुढचं पान उघडलं, परत मागं आली. मग चष्मा वर करून त्यांच्याकडं बघत म्हणाली, ‘‘इथं वारस चार आहेत. पुढच्या नोंदीत दोघंच सही करतात. बाकीच्या दोघी बहिणींचं काय झालं?’’